रंग नंतर, आधी धुराडं

फायरप्लेसला नवं रूप द्यायचंय ना, मग टाइल्स निवडायच्या आधी धुराडं जाणकाराकडून तपासून, साफ करून घ्या. आत साचलेलं क्रिओसोट, म्हणजे लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर, पेट घेतं आणि भेगांतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. या विषारी वायूला वासही नसतो. इथे काटकसर नको, खरंच.

बाहेरच्या विटा रंगवायच्या असतील तर काजळी आधी घासून काढा, नाहीतर डाग रंगातून वर येतात. एकदा दिलेला रंग सच्छिद्र विटांतून पूर्ण निघणं फार अवघड, म्हणून मन पक्कं होईपर्यंत थांबा. जळणाच्या कप्प्यात मात्र साधा रंग, साधं सिमेंट नकोच. तिथे उष्णता सोसणाऱ्या विटा आणि तसाच मसाला. वरची लाकडी फळी फायरप्लेसच्या तोंडापासून किमान 6 इंच दूर, जास्त पुढे येणारी असेल तर आणखी वर.