जुनी डिझेल एसयूव्ही: कमी पळालेली घ्यावी की जास्त?

एकाच वयाच्या दोन डिझेल एसयूव्ही, एक 40 हजार किलोमीटर पळालेली, दुसरी 1 लाख 20 हजार, कुठली घेऊ आणि ऑटोमॅटिक चालेल का, असं विचारलंय तुम्ही. दुसरी घ्या.

यावरून आमच्या दाजींचं आणि माझं कडाक्याचं वाजलंय. त्यांना अशीच जेमतेम चाललेली गाडी मिळाली, आधीच्या मालकाने फक्त मुलांना शाळेत सोडायला वापरलेली. मी तेव्हाच म्हणालो, दाजी नका घेऊ, हिचं इंजिन कधी नीट तापलेलंच नाहीये. तर म्हणे, तुला काय कळतं, मीटर बघ, सीटा बघ कशा नव्या कोऱ्या आहेत. घेतली. मग डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागायला लागला, गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे बिघाड दिसला की ताकद आपोआप कमी होते तशी, चढावर भरलेले ट्रक पुढे जायचे. अहो डीपीएफमधली काजळी जळायला 600 डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं आणि तुम्ही मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट, रोज असंच झालं की ते डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा, मिनिटाला लाखभर फेरे घेणारा टर्बो त्याच ऑइलवर फिरतो! डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर गेलेलं मी स्वतः दाखवलं, तर दाजी म्हणाले जास्त आहे म्हणजे चांगलंच की. शेवटी डीपीएफ गेला, पाठोपाठ टर्बो. माझी त्यांच्या तिप्पट पळालीये, सगळी हायवेवर, टर्बो अजून मूळचाच. तरी दाजी घरात सांगतात नशीब खराब. नशिबाचा काय संबंध, वापर बघायला हवा होता.

बघायला जाल तेव्हा इंजिन गार असलं पाहिजे, आधीच तापवून ठेवलं असेल तर सरळ परत या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा, भसाभस धूर आला तर पिस्टनच्या रिंगा घासल्यात. स्कॅनर लावून शेवटचं रिजनरेशन, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळणं, किती किलोमीटरपूर्वी झालं तेही बघा, मालक काहीही सांगो.

अर्थात 1 लाख 20 हजारवालीची सर्व्हिस हिस्ट्री नसेल तर तीही नको, आणि टायमिंग बेल्ट, क्लच, फ्लायव्हीलचा खर्च धरूनच भाव करा. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचारा. आणि हो, तुमचंही रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर दोन्ही सोडा, पेट्रोल घ्या.