पत्ता संस्थेचा नको, माणसाचा द्या

कलादालनाने जागा दिली, निमंत्रणावर पत्ताही त्यांचाच छापला, आणि मुदत संपत आली तरी परदेशातून मोजकीच पोस्टकार्डं हाती आली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या पहिल्या मेल आर्ट (म्हणजे टपालाने पाठवलेल्या, हाताने बनवलेल्या कार्डांच्या) प्रदर्शनाचं अगदी हेच झालं होतं. तुमची बहुतेक कार्डं वाटेत हरवलेली नसावीत, त्याच इमारतीत आवक टेबलाच्या खणात पडून असतील. फोन करू नका, स्वतः जाऊन बघा.

आमच्या यजमान संस्थेचं नाव घेत नाही. कार्डांवर फक्त प्रदर्शनाचं नाव होतं, कुठल्या अधिकाऱ्याचं नाही. त्यामुळे टपाल कोणत्या विभागाचं ते तिथे कुणी ठरवेना. काही कार्डं गठ्ठा बांधून ठेवली, काही शेरा मारून परत पाठवली. जी आमच्यापर्यंत आली त्यांच्यावर आवक क्रमांकाचा जांभळा शिक्का, तोही चित्राच्या बाजूला! एका कार्डावर जलरंगातलं फिकट आकाश होतं, कडेने लाल दोऱ्याचे धावदोरे घातलेले. त्या आकाशाच्या मधोमध क्रमांक, तारीख आणि कारकुनाची आद्याक्षरं. टपालखात्याचा शिक्का हवाच, प्रवासाच्या खुणा या कलेचाच भाग आहेत. पण कुणीतरी हाताने बनवलेल्या एकुलत्या एका कार्डावर कार्यालयाने नोंदवहीसारखा शिक्का मारावा? विचारलं तर, ‘मग आवक नोंद कशी करायची?’ त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून आता लगेच एखाद्या माणसाच्या नावाने पोस्ट बॉक्स घ्या आणि तो पत्ता सगळ्यांना कळवा. (बॉक्सवर कुणाकुणाच्या नावाचं टपाल चालतं याचे नियम देशागणिक वेगळे असतात, तिथे विचारूनच ठरवा.) मुदत वाढवा. ज्यांची कार्डं परत गेली त्यांना पुन्हा बोलवा, आणि उद्घाटनानंतर आलेलं कार्डही भिंतीवर लावा. 1970 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये मेल आर्ट रुजवणारा अमेरिकन कलाकार रे जॉन्सन याच्या ‘न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल’चं, म्हणजे एकमेकांना टपालाने कला पाठवणाऱ्यांच्या जाळ्याचं, प्रदर्शन झालं, तेव्हा आलेलं सगळं मांडलं होतं. निवड नाही, प्रवेश शुल्क नाही, ही रीत मोडू नये असं माझं ठाम मत आहे. कलादालन ‘दर्जा बघून निवडू’ म्हणालं तर मी जागा बदलेन. कार्डं परत करायची नाहीत हे चालतं, पण सहभागींची यादी आणि छायाचित्रं प्रत्येकाला पाठवणं हे आपलं देणं आहे, ते टाळू नका.

मांडताना कार्डं फलकावर चिकटवू नका. पारदर्शक पाकिटात घालून दोरीवर टांगा, दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. आल्या दिवशीच दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पुढच्या वेळी निमंत्रणात एवढं जरूर लिहा: पत्त्याच्या बाजूला खालची साधारण 15 मिलिमीटर पट्टी कोरी ठेवा, कारण छाननीचं यंत्र तिथे बारकोड छापतं आणि पाठवणाऱ्याचं नाव त्याखाली जातं. बटणं, शिंपले, जाड कोलाज असेल तर कार्ड पाकिटात घालायला सांगा.

आणखी एक. तिकीट कमी लावलेल्या कार्डावर ‘टी’ अक्षराचा शिक्का येतो आणि उरलेले पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात. ते कोण भरणार हे आधीच ठरवा. आमच्याकडे संस्थेने ते भरायला नकार दिला होता, तेव्हा थोडे सुटे पैसे बॉक्स उघडणाऱ्याकडेच देऊन ठेवा.