बाहेरचं ऑईल टाकलं म्हणून वॉरंटी नाकारता येते का?

प्रश्न : मी सांगलीत राहतो. २०२३ मध्ये ११ लाख ८० हजारांना डिझेल गाडी घेतली. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, दोन्हीही अजून शिल्लक आहेत. पहिल्या दोन सर्व्हिसिंग शोरूमकडे केल्या. तिसरी वेळेतच, पण घराजवळच्या गॅरेजमध्ये केली. ऑईल नावाजलेल्या कंपनीचं, मीच दुकानातून आणून दिलं. दोन महिन्यांत टर्बो (इंजिनाला जादा हवा दाबून देणारा भाग) गेला. शोरूमवाले म्हणतात, ‘बाहेरचं ऑईल वापरलंत, वॉरंटी संपली.’ खर्च ९६ हजार सांगितलाय. गाडी त्यांच्याकडेच उभी आहे. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि त्याची सुरुवात आजच करायला हवी. शोरूमला लेखी कळवा की तुमच्या हजेरीशिवाय इंजिनमधलं ऑईल काढायचं नाही आणि टर्बो खोलायचा नाही. या वादातला सगळ्यात मोठा पुरावा त्या इंजिनात आहे. एकदा ते ऑईल ओतून टाकलं, की उरतो तो फक्त त्यांचा शब्द आणि तुमचा शब्द. ऑईल काढताना स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत दोन नमुने घ्यायला लावा. दोन्हींवर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर लिहून तुमची आणि सर्व्हिस मॅनेजरची सही घ्या आणि सील करा. एक बाटली तुमच्याकडे ठेवा. सही द्यायला ते नकार देतील, तर तिथल्या तिथे व्हिडिओ काढा. जुना टर्बोही ताब्यात मागा.

आता ऑईलकडे येऊ. ओनर्स मॅन्युअलमधल्या ‘शिफारस केलेली वंगणं’ या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात ते फार चांगलं केलंत. तिथे कंपनीच्या स्वतःच्या ऑईलचं नाव आहे, आणि त्यापुढे ‘किंवा एसीईए सी३ दर्जाचं ५डब्ल्यू-३०’ असं लिहिलंय. (एसीईए ही युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, सी३ हा तिने ठरवलेला ऑईलचा दर्जा.) तुमची बाजू त्या ‘किंवा’वर उभी आहे. कंपनीने ब्रँड सांगून न थांबता दर्जा सांगितला, म्हणजे तो दर्जा पाळणारं ऑईल चालतं हे तिनेच कबूल केलंय. अशा वेळी ‘बाहेरचं’ हा शब्द कायद्यात काही ठरवत नाही.

दर्जा मात्र पुरा जुळला पाहिजे, आणि बरेच लोक इथे फसतात. ५डब्ल्यू-३० हा आकडा फक्त ऑईल किती पातळ-घट्ट आहे एवढंच सांगतो. त्याच आकड्याचे दोन डबे आत पूर्ण वेगळे असू शकतात. बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषातल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, ज्याला आपण डीपीएफ म्हणतो. ऑईल जळल्यावर उरणारी राख त्यात साचते आणि ती जळून जात नाही. म्हणून सी३ दर्जात राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं. जुन्या धाटणीच्या डिझेल ऑईलमध्ये ते एक टक्क्याच्या वर जाऊ शकतं. तुमच्या डब्याच्या मागच्या बाजूला सी३ स्पष्ट छापलेलं दिसतंय, त्यामुळे तुम्ही बचावलात. काही युरोपीय कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये त्यांचा स्वतःचा मंजुरी क्रमांक मागितलेला असतो. तिथे डब्यावर ‘योग्य’ किंवा ‘अनुरूप’ एवढंच असेल तर तो ऑईलवाल्याचा स्वतःचा दावा समजायचा. गाडीच्या कंपनीने तपासून दिलेली मंजुरी वेगळी. तुमच्या मॅन्युअलमध्ये तशी अट नाही.

कायद्याचं म्हणाल, तर वॉरंटी नाकारणाऱ्यावर कारण दाखवायची जबाबदारी येते. ‘ऑईल बाहेरचं होतं’ हे कारण पुरत नाही. ‘या ऑईलमुळेच टर्बो गेला’ हे त्यांना दाखवावं लागेल. टर्बो ऑईल न पोचल्यानेही जातो, मुळातल्या दोषानेही जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हेच म्हटलं होतं : बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे एकट्या त्याच्यावर तक्रार उभी करू नका, पण युक्तिवादात जरूर मांडा.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून करा. आमचंच ऑईल घ्या नाहीतर वॉरंटी विसरा, ही सक्ती कलम २(४१) मधल्या प्रतिबंधक व्यापारी प्रथेतही बसवता येते. एक सावधगिरी : अर्जात ‘अनुचित करार’ हा मुद्दा घालू नका. त्या तक्रारी राज्य ग्राहक आयोगापासून वर चालतात. तुमची तक्रार जिथे जाईल त्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे तो शब्द आला की समोरचा वकील अधिकारक्षेत्राची हरकत घेऊन महिने काढतो.

तुमची कच्ची बाजूही सांगतो. गॅरेजच्या बिलावर नुसतं ‘इंजिन ऑईल ५ लि., फिल्टर, मजुरी’ एवढंच आहे. डब्यातलं ऑईल याच गाडीत गेलं हे त्यातून सिद्ध होत नाही. दुकानाचं बिल, बॅच नंबर दिसणारा रिकामा डबा आणि गॅरेजमालकाचं प्रतिज्ञापत्र, या तिन्हींनी ही फट बुजवावी लागेल. म्हणूनच गॅरेजमालकाला लगेच प्रतिपक्ष करू नका, तो तुमचा साक्षीदार आहे. तपासणीत ऑईलच बनावट निघालं, तर दुकानदाराला नंतर जोडता येईल. कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, शुल्क मात्र तुम्हाला आधी भरावं लागतं. अहवालात दर्जासोबत ऑईलमध्ये डिझेल मिसळलंय का तेही पाहायला सांगा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं. तसं निघालं, तर दोष तुमच्या डब्याचा राहत नाही.

गाडीवाचून अडत असेल तर पैसे भरून दुरुस्त करून घ्या, पण जॉब कार्डावर सही करताना ‘वॉरंटीचा हक्क राखून, निषेधासह रक्कम भरत आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहा. छापील ‘ग्राहकाच्या संमतीने सशुल्क काम’ या ओळीखाली कोरी सही करू नका. नकाराचं कारण ई-मेलवर मागा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

मग डीलर आणि कंपनी, दोघांना १५ दिवसांची नोटीस पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, कधीकधी तिथेच मिटतं. पण तिथल्या उत्तराची वाट पाहत बसू नका, कारण आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत त्याने थांबत नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात अर्ज चालेल, डीलर पुण्याचा असला तरी. शुल्क गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. मागणीत ९६ हजार, व्याज, गाडी बंद असतानाचा प्रवासखर्च आणि मनस्ताप धरा. प्रवासाच्या पावत्या आतापासून जपून ठेवा.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोच पावतीसह पाठवा. कोणी घ्यायला नकार दिला आणि पाकीट परत आलं, तर ते फोडू नका. पोस्टाच्या शेऱ्यासह तसंच तक्रारीला जोडायचं आहे.