स्ट्रट्स २ मध्ये लॉगिनची तपासणी कुठे ठेवावी: बेस अ‍ॅक्शनमध्ये की इंटरसेप्टरमध्ये?

स्ट्रट्स २ (जावात वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायची चौकट) बद्दल तुमचे प्रश्न दोन आहेत. लॉगिनची तपासणी सगळ्या अ‍ॅक्शनच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासच्या) सामाईक बेस अ‍ॅक्शनमध्ये ठेवू की इंटरसेप्टरमध्ये (अ‍ॅक्शनच्या आधी-नंतर चालणाऱ्या कोडमध्ये), आणि स्वतःचा इंटरसेप्टर लावल्यापासून फॉर्ममधली सगळी फील्ड नल (रिकामी) का येतात?

आधी नलचं बघू. कॉन्फिगरेशनमध्ये अ‍ॅक्शनच्या आत एक जरी इंटरसेप्टर-रेफ (इंटरसेप्टर लावणारी ओळ) लिहिला, तरी त्या अ‍ॅक्शनपुरता पॅकेजचा (अ‍ॅक्शनच्या गटाचा) डिफॉल्ट स्टॅक, म्हणजे इंटरसेप्टरची ठरलेली यादी, लागू होत नाही. फॉर्ममधल्या व्हॅल्यू सेटरपर्यंत पोचवणारा पॅराम्स इंटरसेप्टर त्याच स्टॅकमध्ये असतो, म्हणून फील्ड रिकामी. दोन्ही रेफ द्या: वर तुमचा, खाली डिफॉल्टस्टॅक. त्याहून बरं म्हणजे पॅकेजमध्ये दोघांचा मिळून एक स्टॅक करून तोच डिफॉल्ट ठेवा. मग नवीन अ‍ॅक्शन लिहिणारा विसरला तरी तपासणी होतेच. लॉगिनच्या अ‍ॅक्शनला मात्र नुसता डिफॉल्टस्टॅक द्या, नाहीतर लॉगिनचं पानच लॉगिन मागत बसेल.

बेस अ‍ॅक्शन नकोच. एक्झिक्यूट() (अ‍ॅक्शनची मुख्य मेथड) ओव्हरराइड करताना कुणीतरी सुपरचा, म्हणजे बेसमधल्या मूळ मेथडचा, कॉल विसरतो आणि ते पान सताड उघडं राहतं. इंटरसेप्टरमध्ये युजर सेशनमध्ये नसेल तर इन्व्होक() (पुढची साखळी चालवणारा कॉल) न करता थेट लॉगिनचा रिझल्ट परत करा. अ‍ॅक्शनपर्यंत काही जातच नाही.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अ‍ॅक्शनचा ऑब्जेक्ट दर रिक्वेस्टला नवा बनतो, इंटरसेप्टरचा एकच ऑब्जेक्ट सगळे थ्रेड वापरतात. म्हणून आत्ताचा युजर इंटरसेप्टरच्या फील्डमध्ये कधीही ठेवू नका, लोकल व्हेरिएबलच वापरा. अ‍ॅक्शन स्प्रिंगकडून (ऑब्जेक्ट बनवून देणारी जावाची चौकट) घेत असाल तर बीनचा, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा, स्कोप प्रोटोटाइप (दर वेळी नवा) आहे ना, तेही आजच बघा, कारण स्प्रिंगमध्ये न सांगता मिळतो तो सिंगलटन (सगळ्यांना एकच). आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हेच राहून गेलं होतं. एका ब्राउझरमध्ये भरलेला पत्ता दुसऱ्या ब्राउझरमधल्या कोऱ्या फॉर्ममध्ये दिसला, आणि आम्ही दोन दिवस सेशनचा कोड उकरत बसलो. एका अनोळखी माणसाचा पत्ता दुसऱ्याला दिसणं ही साधी चूक नव्हे.

पुढे कधी इन्व्होक() नंतर काही करायचं ठरवलंत, तर तोवर पान रेंडर झालेलं असतं. जेएसपीला (पानाच्या टेम्प्लेटला) एखादी व्हॅल्यू द्यायची असेल तर प्रीरिझल्टलिसनर नोंदवा, तो रिझल्टच्या आधी चालतो.