'सोके' म्हणजे गुरू नव्हे

जपानी तलवारविद्येवरचा लेख मराठीत आणताना 'सोके' हा शब्द अडला. त्याला कुलगुरू म्हणावं, आचार्य म्हणावं की वंशज, असं एका वाचकाने विचारलं आहे.

माझं मत: या तिघांपैकी एकही नको. 'कुलगुरू' म्हटलं की विद्यापीठच आठवतं. 'आचार्य' तर अर्थच बदलून टाकतो. 'सोके'मधला 'सो' म्हणजे मूळ, प्रमुख. 'के' म्हणजे घर. ('सो'मधला ओ लांबवून म्हणायचा.) शब्द मुळात मूळ घराचा, आणि त्यावरून त्या घराच्या प्रमुखाचा. त्यात शिकवण्याचा अर्थ कुठेच नाही. शिकवणाऱ्याला 'शिहान' हा वेगळा शब्द आहे.

हा फरक कागदापुरता नाही. चिबा प्रांतातलं तलवारविद्येचं घराणं, कातोरी शिंतो-र्‍यू घ्या. पंधराव्या शतकात ईझासा चोइसाइ यांनी ते सुरू केलं आणि सोकेपद तेव्हापासून ईझासा कुटुंबाकडेच राहिलं. विसावे सोके ईझासा यासुसादा यांच्या काळात शिकवण्याची सगळी धुरा ओताके रिसुके या शिहानांनी कित्येक दशकं वाहिली. शिष्य घडवले ओताके यांनी, पण ते काही सोके नव्हते. इथे 'सोके'ला 'आचार्य' म्हटलं, तर ओताकेंना काय म्हणणार?

'वंशज'ही लंगडा पडतो, कारण वारस रक्ताचाच हवा असं नाही. जपानीत 'मुकोयोशी' म्हणतात: मुको म्हणजे जावई, योशी म्हणजे दत्तक पुत्र. मुलीचं लग्न लावायचं, जावयाला दत्तक घ्यायचं, तो सासरचं आडनाव लावणार. आपला 'घरजावई' इथे चालणार नाही. तो सासरी राहिला तरी आडनाव स्वतःचंच लावतो, शिवाय शब्दात हेटाळणी आहे. 'दत्तक जावई' सरळ आणि चपखल. ऐकिदो या जपानी युद्धकलेचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा यांनी १९३२ साली नाकाकुरा कियोशी या केंदोपटूला (केंदो म्हणजे जपानी तलवारबाजीचा खेळ) असंच घरात घेतलं होतं. पुढे ते उएशिबा घरातून बाहेर पडले आणि वारसा मुलाकडे, किश्शोमारू यांच्याकडे गेला. ऐकिदोत मात्र त्या पदाला 'दोशू' म्हणतात. भाषांतरात ते 'सोके' करू नये.

मग मराठीत काय? मला 'गादी' हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. 'कोल्हापूरची गादी' म्हणताना आपण घर, अधिकार आणि परंपरा हे तिन्ही एकदम सांगतो, आणि गादीवर दत्तकही बसतो. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक जाऊन शाहू महाराज झाले, ते याच रीतीने. 'र्‍यू'साठी, म्हणजे अशा विद्येच्या परंपरेसाठी, गायकीतलं 'घराणं' खुशाल वापरा. तिथे घराबाहेरचा शिष्यही घराण्याचाच ठरतो.

लेखात पहिल्या उल्लेखाला 'ईझासा घराच्या गादीवरचे विसावे सोके' असं लिहा आणि पुढे नुसतं 'सोके' ठेवा.