मक्तेदारी, वर्चस्व की प्राबल्य? स्ट्रिंग सिद्धांताच्या वादातले शब्द

प्रश्न : आमच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी मथळा केला आहे, ‘तंतू सिध्दांताची भौतिकशास्त्रात मक्तेदारी का?’ यात ‘तंतू’ बरोबर की ‘तार’? ‘मक्तेदारी’ऐवजी ‘वर्चस्व’ लिहावं का? शिवाय एका मुलीनं विचारलं आहे की, जी गोष्ट प्रयोगानं सिद्ध झालेली नाही तिला ‘सिद्धांत’ कसं म्हणायचं? तिला काय सांगू? (एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : तुमचा ‘तंतू सिद्धांत’ म्हणजे स्ट्रिंग सिद्धांत, मूलकण हे अतिसूक्ष्म स्ट्रिंगची कंपनं आहेत असं मानणारा. मुलीचा प्रश्न तिन्हींत मोलाचा आहे, म्हणून आधी तो घेऊ.

‘सिद्धांत’ शब्द फोडला की सिद्ध आणि अंत हाती येतात. म्हणजे ज्याचा शेवट सिद्ध होण्यात झाला, तो निर्णय. एवढाच अर्थ धरला तर मुलीचा आक्षेप बिनतोड आहे. पण ज्या शास्त्रातून हा शब्द आपल्याकडे आला, त्या न्यायशास्त्रानं त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्याला कोणत्याच शास्त्राचा विरोध नाही तो सर्वतंत्र सिद्धांत. एका शास्त्राला मान्य, दुसऱ्याला अमान्य, तो प्रतितंत्र. जो मानला की बाकीच्या गोष्टी त्याच्यामागोमाग आपोआप सिद्ध होतात, तो अधिकरण. आणि न तपासता, चर्चा पुढे नेण्यासाठी तात्पुरता मान्य केलेला, तो अभ्युपगम. म्हणजे सगळ्यांना पटलेला आणि कसाला उतरलेला तोच सिद्धांत, अशी अट न्यायशास्त्रातसुद्धा नाही.

स्ट्रिंग सिद्धांताला यातला ‘अधिकरण’ हा प्रकार मला सर्वांत चपखल वाटतो. १९६८ मध्ये गाब्रिएले व्हेनेझियानो यांनी अणुगर्भ बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलासाठी एक सूत्र मांडलं. १९७० च्या सुमारास नाम्बू, नील्सन आणि सस्किंड यांना त्या सूत्रात कंप पावणारी स्ट्रिंग दिसली. मूलकण म्हणजे बिंदू नव्हे, एकमितीय स्ट्रिंग, एवढं मानून गणित केलं तेव्हा मिटलेल्या स्ट्रिंगच्या कंपनांत वस्तुमान शून्य आणि फिरकी (स्पिन) २ असलेला एक कण सारखा डोकावू लागला. तीव्र बलाच्या हिशेबात तो नको होता. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी, तसंच स्वतंत्रपणे योनेया यांनी दाखवलं की हा नकोसा कण म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वाहक आहे. गुरुत्वाकर्षण कुणी बाहेरून आणून घातलं नव्हतं, ते मागोमाग आलं. बाजूनं बोलणाऱ्यांचा सगळा जोर या ‘मागोमाग येण्या’वर असतो.

आजच्या मराठीत ‘सिद्धांत’ हा भौतिकीतल्या ‘थिअरी’चा रुळलेला प्रतिशब्द आहे. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात ‘सापेक्षता सिद्धांत’ आणि ‘पुंज सिद्धांत’ (क्वांटम थिअरी) अशाच नोंदी आहेत. भौतिकीतला सिद्धांत म्हणजे गणिती चौकट. ती कसाला उतरलेली असू शकते, न उतरलेलीही असू शकते. म्हणून ‘स्ट्रिंग सिद्धांत’ बरोबर आहे. ‘गृहीतक’ नको. गृहीतक म्हणजे एक विधान, आणि इथे पन्नासहून अधिक वर्षांची गणिताची बांधणी आहे. ‘प्रमेय’ तर अजिबात नको, ते गणितात सिद्ध केलेलं असतं. ‘उपपत्ती’ हा जुना शब्द मला आवडतो, कारण त्यात कार्यकारणाची मांडणी आहे, निकाल नाही. पण सापेक्षतेला सिद्धांत म्हणायचं आणि एकट्या स्ट्रिंगला उपपत्ती, असं केलं तर वाचकाला वाटेल की आपण निकाल देऊन मोकळे झालो.

लिहिताना मात्र ‘सिद्धांत’ नीट लिहायला सांगा. तुमच्या मथळ्यात ‘सिध्दांत’ झालं आहे. जोडाक्षरात आधी द, मग ध. कळफलकावर द, हलन्त, ध या क्रमानं गेलं की ‘द्ध’ येतं. बुद्धी, युद्ध, प्रसिद्ध या शब्दांतही हीच चूक होते. ‘सिद्धान्त’ असं पर-सवर्णानं लिहिलं तरी चालतं, फक्त एका पत्रकात एकच पद्धत ठेवा.

त्या मुलीला चार वाक्यांतला फरक शिकवा, कारण या विषयावरचं मराठी लेखन बहुतेक इथेच घसरतं. ‘हा सिद्धांत प्रयोगानं सिद्ध झालेला नाही’ हे खरं आहे. ‘तो प्रयोगानं खोटा ठरला’ हे खरं नाही. ‘आजच्या यंत्रांनी तो थेट तपासता येत नाही’ हेही खरं. आणि ‘तो तपासताच येत नाही’ हा वादाचा मुद्दा आहे, त्याला वस्तुस्थिती म्हणून छापू नये.

तिसऱ्या वाक्यामागचे आकडे सांगायला हवेत. जिनिव्हाजवळचा लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र, २७ किलोमीटर परिघाचा आहे. २०२२ पासून त्यात प्रोटॉनांची टक्कर १३.६ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला होते, म्हणजे १३,६०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. पुंज गुरुत्वाचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम रूपाचे, परिणाम जिथे ठळक व्हावेत ती प्लांक ऊर्जा आहे सुमारे १.२ गुणिले १० चा १९ वा घात गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. दोन्हींत जवळपास १० च्या १५ व्या घाताचं अंतर आहे. परीघ दुप्पट-चौपट करून हे अंतर तुटणार नाही. स्ट्रिंगची लांबी प्लांक लांबीपेक्षा (प्लांक ऊर्जेशी जुळणाऱ्या अतिसूक्ष्म लांबीपेक्षा) मोठी असेल तर तिच्या खुणा कमी ऊर्जेलाच दिसतील, पण ती किती मोठी हे सिद्धांत आपणहून सांगत नाही.

चौथ्या वाक्याची गोष्ट निराळी. महास्ट्रिंग सिद्धांत, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो असं सांगणारी महासममिती धरणारा स्ट्रिंग सिद्धांत, १० मितींत मांडावा लागतो, त्यांतल्या सहा आपल्याला दिसत नाहीत. त्या सहा मिती कशा दुमडल्या आहेत यावर आपल्या जगातले कण आणि बलं ठरतात. दुमडण्याचे प्रकार किती, याचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज १० चा ५०० वा घात असा आहे. २००३ मध्ये काच्रू, कॅलोश, लिंडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी यांनी वेगानं प्रसरण पावणारं आणि तरी दीर्घकाळ टिकणारं विश्व या सिद्धांतात कसं बसवता येईल ते दाखवलं, आणि या प्रचंड संख्येची चर्चा पेटली. टीकाकार म्हणतात, इतकी उत्तरं असतील तर कोणताही प्रयोग कुठल्या तरी उत्तरात बसेल, मग खोडणार काय? महासममितीनं भाकीत केलेले जोडीदार कण कोलायडरमध्ये अजून सापडलेले नाहीत. त्यानं सिद्धांत पडत नाही, कारण त्या कणांचं वस्तुमान त्यानं ठरवून दिलेलं नाही. टीकाकारांची तक्रार नेमकी तीच आहे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो आणि भित्तिपत्रकात तो पूर्ण ताकदीनं यायला हवा.

आता ‘मक्तेदारी’. मक्ता म्हणजे सत्तेनं, ठरावीक मुदतीसाठी, पैसे घेऊन एकालाच दिलेला हक्क. आठवडी बाजाराच्या वसुलीचा मक्ता लिलावात एकाला गेला की दुसऱ्यानं पावती फाडायची नाही. मक्तेदारी म्हणायला दोन गोष्टी लागतात, देणारा अधिकारी आणि बाकीच्यांना मज्जाव. इथे दोन्ही नाहीत. पुंज गुरुत्वाचा दुसरा मोठा पंथ, लूप पुंज गुरुत्व, उभा राहिला तो १९८६ मध्ये अभय अष्टेकर यांनी सापेक्षतेच्या समीकरणांसाठी मांडलेल्या नव्या चलांवर (व्हेरिएबल्सवर). अष्टेकर मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. पुढे पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्यांच्या भोवती या विषयाचं केंद्र तयार झालं. स्ट्रिंगच्या बाजूला अतिश दाभोलकर आहेत, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे पुतणे. कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीवर (आतल्या सूक्ष्म अवस्था किती, याच्या मापावर) त्यांचं काम आहे आणि २०१९ पासून ते ट्रिएस्टच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक आहेत. दोन्ही वाटांवर चालणारी माणसं आहेत, पैकी एका वाटेवर गर्दी फार आहे.

ही गर्दी का झाली ते एका वाक्यात सांगता येत नाही. १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्झ यांनी या सिद्धांतातली एक जीवघेणी गणिती विसंगती कशी मिटते ते दाखवलं आणि वर्षभरात चित्र पालटलं. १९९५ मध्ये विटेन यांनी पाच वेगवेगळे दिसणारे स्ट्रिंग सिद्धांत एकाच ११ मितींच्या सिद्धांताची रूपं असावीत असं मांडलं. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या. उत्तर कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीच्या बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्राशी जुळलं. १९९७ मध्ये माल्दासेना यांनी गुरुत्व असलेलं जग आणि गुरुत्व नसलेला, एक मिती कमी असलेला पुंज क्षेत्र सिद्धांत यांची सांगड घातली. हुशार विद्यार्थी जिथे काम पुढे सरकतंय तिथे जातात, म्हणून ते इकडे आले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पीएच. डी. नंतर दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका मिळतात, आणि त्या ज्येष्ठांच्या शिफारसपत्रांवर ठरतात. निवड समितीत एका पंथाचे लोक जास्त असतील तर दुसऱ्या पंथाच्या उमेदवाराचं काम कुणाला नीट जोखता येत नाही. कुणीही वाईट हेतू धरलेला नसतो, पण पुढच्या पिढीत तो पंथ आणखी बारीक होतो. पीटर वॉइट आणि ली स्मोलिन यांची टीकात्मक पुस्तकं २००६ मध्ये आली तेव्हा स्मोलिन यांचा भर बराचसा या मुद्द्यावर होता. त्याआधी १९८६ मध्येच ग्लॅशो आणि गिन्सपार्ग यांनी प्रयोगापासून दूर जाण्याबद्दल इशारा दिला होता.

मग ‘वर्चस्व’? संस्कृतात वर्चस् म्हणजे तेज. मराठीत त्याचा अर्थ सरकून वरचढपणा झाला. सांगली-साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत साखर कारखान्याच्या निवडणुकीनंतर ‘कारखान्यावर अमुक गटाचे वर्चस्व’ असं छापून येतं, तेव्हा दोन पॅनेल लढली, एक हरलं आणि कारभार जिंकलेल्याकडे गेला, एवढं सगळं त्या शब्दात येतं. स्ट्रिंगबद्दल ‘वर्चस्व’ म्हटलं की दुसऱ्याला दाबल्याचा आरोप आपोआप लागतो. तो आरोप टीकाकारांचा आहे. त्यांच्या तोंडी शब्द जरूर घाला, ‘स्मोलिन यांच्या मते हे वर्चस्व...’ असं. मथळा तुमच्या मंडळाचा असेल तर ‘प्राबल्य’ लिहा. प्राबल्यात संख्या आणि वजन दोन्ही येतात आणि ते योग्य की अयोग्य हा निकाल खुला राहतो. वाद सांगणाऱ्यानं दोन्ही बाजू सही करतील असा शब्द निवडावा. ‘दबदबा’त धाक आहे, ‘बोलबाल्या’त नुसती चर्चा. दोन्ही इथे नकोत.

मथळ्यातला ‘भौतिकशास्त्रात’ हा शब्दही सैल आहे. घनपदार्थ, प्रकाश, लेसर, प्लाझ्मा, खगोल, अणुगर्भ यांत काम करणाऱ्या बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांचा स्ट्रिंगशी रोजचा संबंध नसतो. प्राबल्य आहे ते सैद्धांतिक भौतिकीच्या एका शाखेत, पुंज गुरुत्वाच्या आणि मूलभूत बलांच्या एकत्रीकरणाच्या संशोधनात. तिथेही ‘स्ट्रिंगवाले’ म्हणून ओळखले जाणारे अनेक जण आज माल्दासेना यांच्या सांगडीवर किंवा पुंज माहितीवर काम करतात आणि त्यांच्या लेखांत स्ट्रिंग क्वचितच येते. मथळा असा करता येईल : ‘पुंज गुरुत्वाच्या संशोधनात स्ट्रिंग सिद्धांताचे प्राबल्य : कारणे आणि आक्षेप’.

आता तंतू की तार. तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेत हा प्रश्न सुटायला हवा, कारण तुमच्याकडे दोन्ही शब्द रोजच्या वापरात आहेत. वाद्याला तंतुवाद्य म्हणतात, पण कारागीर तार चढवतो, तार उतरवतो. ‘तंतू तुटला’ असं तंबोऱ्याबद्दल कुणी म्हणत नाही. ‘तंतू’ म्हटलं की मुलांना मज्जातंतू आणि आहारातले तंतुमय पदार्थ आठवतात. त्यात ताण नाही, आणि स्ट्रिंगचा मुख्य गुण ताण हाच आहे. त्या दृष्टीनं ‘तार’ जवळची. तंबोऱ्याची एकच तार वेगवेगळ्या तऱ्हेनं कंप पावते आणि तिच्यातून अनेक स्वर निघतात, तसं एकाच प्रकारच्या स्ट्रिंगच्या वेगवेगळ्या कंपनांतून वेगवेगळे कण मिळतात. उपमा इथवरच चालते. तंबोऱ्याची तार पोलाद-पितळेची, मूळ स्ट्रिंग कशाचीही बनलेली नाही. तार एका टोकाला खुंटीला गुंडाळलेली असते, घोडीवरून जाते आणि खुंटी पिळून ताण बदलता येतो. स्ट्रिंगचा ताण हा सिद्धांतातला मूलभूत स्थिरांक आहे. आणि गुरुत्वाकर्षणाचा वाहक ज्या मिटलेल्या स्ट्रिंगमधून येतो तिला टोकंच नसतात.

‘तार’ची व्याकरणातली अडचण आणखी मोठी. अनेकवचन ‘तारा’. ‘तारा कंप पावतात’ हे वाक्य ज्या लेखात पुढे कृष्णविवरं येणार आहेत त्यात वाचलं की वाचक आकाशाकडे बघतो. ‘तारांचे’ आणि ‘ताऱ्यांचे’ यांत फरक फक्त एका ‘य’चा, मुद्रितशोधनात हमखास निसटणारा. ‘सूत्र’ तर नकोच, मराठी शाळेत सूत्र म्हणजे फॉर्म्युला. म्हणून ‘स्ट्रिंग’च ठेवा, स्त्रीलिंगी : ती स्ट्रिंग, स्ट्रिंगचा ताण, मिटलेल्या स्ट्रिंग.

स्ट्रिंगची टोकं ज्यावर टेकतात त्या पृष्ठासाठीचा, ‘मेम्ब्रेन’वरून आलेला ‘ब्रेन’ हा शब्द मात्र तसाच घेऊ नका. देवनागरीत तो मेंदूच वाचला जातो. त्याला ‘पटल’ म्हणा, डी-पटल. ‘१० मिती’ लिहिताना त्यांत नऊ अवकाशाच्या आणि एक काळाची हे लगेच लिहा, नाहीतर मुलं आपल्या चारांत आणखी दहा मिळवतात.