एकत्र वर्गात गेल्यावर मुलगा बिघडतो का?

"सातवीपर्यंत मुलांच्याच शाळेत होता, कधी तक्रार नव्हती. आठवीला मुलामुलींच्या शाळेत घातला आणि मार्क घसरले, उलट उत्तरं सुरू झाली, आरशासमोरचा वेळ वाढला. परत जुन्या शाळेत घालू का?" असं विचारणारे पालक दर वर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. ही आई आली ती लाल शेऱ्यांनी भरलेली डायरी घेऊनच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलाशी मी एकट्याशी बोलले. मुलींचा विषयच काढला नाही. वर्गात कुठे बसतोस, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मॅडम, बडबड केली की सर मुलींच्या बाकावर बसवतात. सगळा वर्ग हसतो." एकदा तसं बसवल्यावर शेजारच्या मुलीशी त्याचं नाव जोडलं गेलं, फळ्यावरही लिहिलं गेलं. तेव्हापासून मुलांमध्ये पत राहावी म्हणून तो सरांना उलट बोलतो. ती मुलगी आता उत्तर येत असूनही हात वर करत नाही, हे सांगताना मात्र त्याला रडू आलं.

या शिक्षेचा मला मनापासून राग येतो. मुलीशेजारी बसणं म्हणजे अपमान, हे त्या बाकावरच्या मुलीही ऐकत असतात.

आईला मी इस्रायलमधल्या शाळांचा एक अभ्यास सांगितला. व्हिक्टर लॅव्ही आणि अनालिया श्लॉसर यांचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्गात मुलींचं प्रमाण जास्त, तिथे दंगा आणि हाणामाऱ्या कमी, असं त्यांना दिसलं. पण हा फरक मुख्यतः दंगा करणाऱ्यांची संख्याच कमी असल्यानं पडला होता. एकेका मुलाचं वागणं फारसं बदललं नव्हतं. मुली आल्या म्हणून मुलगा बिघडत नाही, आणि आपोआप शहाणाही होत नाही. आरशासमोरचा वाढलेला वेळ तर या वयात मुलांच्या शाळेतही वाढलाच असता.

शाळा बदलू नका, असं मी सांगितलं. मुलाचा होकार घेऊन वर्गशिक्षकांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ती शिक्षा बंद झाली, हजेरी क्रमांकाप्रमाणे सगळ्यांच्याच जागा दर आठवड्याला बदलू लागल्या. विज्ञानाच्या प्रयोगाला मिश्र गट आले, प्रत्येकाला ठरलेलं काम. फळ्यावरच्या नावांबद्दल सर वर्गाशी स्पष्ट बोलले. त्या मुलीशी शाळेतल्या एका बाईंनी वेगळं बोलावं, असा आग्रह मी धरला, आणि तो पाळला गेला.

आईला एवढंच सांगितलं, की "कुठल्या मुलीशी बोललास?" असं विचारू नका, "आज प्रयोगात काय केलंत?" असं विचारा.

सहामाहीनंतर डायरीतले शेरे कमी झाले. गणिताचे मार्क अजून तिथेच आहेत. त्याचे अपूर्णांक पाचवीपासूनच कच्चे राहिले होते; आता मधल्या सुट्टीत तो गणिताच्या बाईंकडे बसतो.